राइविसची वाजवी किंमत

बाझिल तिबोने एखादा सौदा वाजवी म्हटला, की केर्न्स फॉल्स गावात त्यावर पुढे कुणी हुज्जत घालत नसे.

दर गुरुवारी संध्याकाळी गावच्या रेडिओवर मर्व कॉस्किनेनचा बर्फावरच्या हॉकीचा कार्यक्रम लागायचा. लोक फोन करून सांगायचे, आपल्या रॅफ्टर्स संघाने अमक्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकावं, बदल्यात तमक्याला घ्यावं. मर्वशेजारी बसलेला बाझिल ऐकून घ्यायचा आणि निवाडा द्यायचा. तरुणपणी तो स्वतः रॅफ्टर्सकडून खेळलेला. पुढे कागदगिरणीत नोकरी करता करता संघासाठी नवी पोरं हेरायचा. बोलणं तुसडं, पण खोटं नाही. चाहत्यांना आपलं लंगडं घोडं नेहमीच अरबी वाटतं, आणि बाझिल त्यांची भीड ठेवत नसे.

"एल्मर, तुझा तो बचावपटू बर्फावर वळेपर्यंत माझी बायको केक भाजून मोकळी होते. त्याच्या बदल्यात तुला त्यांचा कप्तान हवाय? फोन ठेव आणि झोप."

सगळा गाव हसायचा. एल्मरसुद्धा.

त्या वर्षी संघाने लाटव्हियाहून राइविस नावाचा एकोणीस वर्षांचा आघाडीचा खेळाडू आणला. परगावच्या खेळाडूंना इथली घरं हंगामभर ठेवून घेतात. तिबोंची दोन्ही मुलं लग्न करून लांब गेलेली, वरची खोली रिकामीच होती. पोराला आपल्याकडे ठेवू या, ही कल्पना बाझिलचीच. त्याची बायको ओडेट आधी कुरकुरली. "माझ्याच्यानं आता कुणाचे ओले मोजे उचलवणार नाहीत," म्हणाली.

पण राइविस स्वतःचे मोजे स्वतः उचलायचा. जेवण झालं की ताटली विसळायचा आणि 'पाल्दिएस' म्हणायचा, म्हणजे त्याच्या भाषेत धन्यवाद. महिन्याभरात ओडेटही बाझिलला मीठ दिल्यावर 'पाल्दिएस' म्हणायला लागली.

"फ्रेंचमध्ये म्हण, नाहीतर इंग्लिशमध्ये म्हण," बाझिल म्हणाला. "मी लाटव्हियाचा नाही."

"कळलं की नाही तुला? मग झालं तर."

शनिवारी त्या घरात पिवळ्या वाटाण्यांचं सूप व्हायचं. बाझिलच्या आईपासूनचा तो रिवाज. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी टेबलावर राखाडी वाटाणे आले, खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर परतलेले. राइविसच्या आईने फोनवरून कृती सांगितली होती आणि ते वाटाणे मिळवायला ओडेट दोन तास गाडी हाकून गेली होती. पहिल्या घासाला पोराने डोळे मिटले. ओडेट हनुवटीला हात लावून त्याच्याकडे बघत बसली. बाझिलने आपली ताटली संपवली, आणखी मागितलं नाही, आणि बर्फ काढायच्या निमित्ताने बाहेर गेला. बर्फ फारसा पडलाच नव्हता.

हेही त्याने पोटात घातलं असतं. त्याला खरं डसलं ते निराळंच. रॅफ्टर्सची घरच्या मैदानावरची एकही मॅच ओडेट चुकवेनाशी झाली. खाली बसायला जाड उशी, पायावर घोंगडी, थर्मासमध्ये कॉफी. बाझिल सहा वर्षं त्याच मैदानावर खेळला होता, तेव्हा ती उणीपुरी तीनदा आली असेल. त्यातल्या एकदा अर्ध्यातून उठून गेली होती, थंडी सोसत नाही म्हणून. आता तीच बाई राइविसने गोल केला की उभी राहून किंचाळायची. बाझिल शेजारी बसून हाताची घडी घालायचा आणि पोराच्या खेळात खोट शोधायचा. डाव्या अंगाने वळताना अंमळ अडखळतो. कोपऱ्यातल्या धक्काबुक्कीत जरा उशिराने शिरतो. हे सगळं खोटं होतं असंही नाही. पण संघात सगळ्यांत जास्त गोल त्याच पोराचे होते.

नाताळात राइविस फोनवर आईशी बोलताना रडला. ओडेटने ते बाझिलला हळूच सांगितलं आणि बजावलं, "त्याच्यासमोर काही काढू नकोस हं." बाझिलने मान डोलावली. रात्री पडल्यापडल्या त्याला आठवत राहिलं, गिरणीतून काढलं तेव्हा आपण गॅरेजमध्ये एकटे बसलो होतो. कोण आलं होतं बघायला?

जानेवारीत खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत जवळ आली की त्या कार्यक्रमाला ऊत यायचा. त्या गुरुवारी पहिला फोन वांडाचा. वांडा शाळेची बस चालवायची आणि दर आठवड्याला बाझिलकडून झोडपून घ्यायची.

"जजसाहेब, आधीच सांगते, हसायचं नाही. आपण राइविसला सेंट ब्लेझच्या संघाला देऊ या. त्यांच्याकडून तो गुडघा दुखावलेला उंच बचावपटू घ्यायचा, शिवाय उन्हाळ्यात नवी पोरं निवडतात तेव्हाचा त्यांचा दुसऱ्या फेरीतला हक्क. पोरगा हंगाम संपल्यावर आपल्या देशात गेला तर हाती काय राहणार? धुपाटणं! कसा वाटतो सौदा?"

मर्व आधीच हसायला लागला होता. बाझिलचं उत्तर काय येणार हे लहान मूलही सांगू शकलं असतं.

"वाजवी आहे," बाझिल म्हणाला.

"आँ?" मर्वचं हसू तोंडातच राहिलं.

"डाव्या अंगाने वळताना कचरतो. आणि मन नाही त्याचं इथे. घरच्या आठवणीने रडतो पोरगा. माझ्याच छपराखाली राहतो, मला ठाऊक आहे. यापेक्षा जास्त कुणी देईल असं वाटत नाही मला."

"मी तर म्हटलं, तुम्ही माझी सालटी काढणार," वांडा हळू आवाजात म्हणाली. तिला जिंकल्याचा आनंद झाला नव्हता, हे तिच्या स्वरावरूनच कळत होतं.

बाझिल घरी आला तेव्हा राइविस सरावाला गेलेला. ओडेट स्वयंपाकघरात उभी होती, रेडिओ बंद होता. तिने जेवण वाढलं, पण स्वतः बसली नाही.

शुक्रवारी सकाळी संघाचा व्यवस्थापक क्लिफ रायमर याचा फोन आला. सेंट ब्लेझवाल्यांशी त्याचं महिनाभर बोलणं चाललं होतं आणि तो पहिल्या फेरीचे दोन हक्क मागत होता. आता ते म्हणत होते, ज्याच्या घरी पोरगा राहतो तोच असं बोलतोय, मग आम्ही कशाला जास्त मोजू? इतर संघांनीही तेच ऐकलं होतं.

"खरं सांग बाझिल, खरंच एवढं बिनसलंय का त्याचं? पळून जाईल का मध्येच?"

एका शब्दात सारवासारव करता आली असती. बाझिलच्या जिभेवर तो शब्द आलाही. तेवढ्यात जिन्यावरून ओडेटचं हसणं ऐकू आलं. राइविस तिला काहीतरी सांगत होता आणि ती मोठ्याने, गळा सोडून हसत होती.

"मला दिसलं ते मी बोललो," बाझिल म्हणाला. "पुढचं तू बघ."

सोमवारी सौदा झाला. बचावपटू आणि दुसऱ्या फेरीचा हक्क, अगदी वांडाने म्हटलं होतं तसा.

राइविस वर सामान भरत होता तेव्हा ओडेटने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं.

"अकरा वर्षं तुझा कार्यक्रम ऐकतेय मी. तुला हे वाजवी वाटतं?"

"बाजारात जे मिळतं ते—"

"बाजार मला शिकवू नकोस, बाझिल. त्या पोराने तुझं काय घोडं मारलंय?"

बाझिल एकदम उसळला. "माझ्या मॅचला तीनदा आलीस. तीनदा! आणि याच्यासाठी उशी काय, घोंगडी काय!"

ओडेट त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे हे?"

"हो, हेच."

"राइविस विचारतो मला. 'ओडेट, आज येणार ना?' प्रत्येक वेळी विचारतो. तू कधी विचारलंस? सहा वर्षांत एकदा तरी? पोरं सांभाळ, गरम पाणी तयार ठेव, येवढंच सांगून जायचास." तिने ओटा पुसायला घेतला, तो आधीच स्वच्छ होता. "उद्या त्याला सेंट ब्लेझला तू सोडणार आहेस. संघाची गाडी नको म्हणून सांगितलंय मी. मीही येणार नाही. तूच जा."

रस्ता चार तासांचा. दोन्हीकडे झाडं आणि बर्फ. राइविसच्या मांडीवर ओडेटने दिलेला डबा होता. एका पेट्रोल पंपावर थांबून पुन्हा निघाल्यावर पोरगाच म्हणाला, "डाव्या बाजूचं मी करतोय. सकाळी लवकर जाऊन वळायचा सराव करतो."

"काय?"

"तुम्ही रेडिओवर म्हणालात ना. पहिल्यांदा वाईट वाटलं. मग म्हटलं, तुम्ही उगीच बोलत नाही. सगळे म्हणतात, तुम्ही वाजवी म्हटलं म्हणजे तीच किंमत. मग तेवढीच असेल माझी."

बाझिलने गाडी कडेला घेतली. मागून लाकडं भरलेला ट्रक भोंगा वाजवत गेला.

"खोटं बोललो मी," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"किमतीबद्दल. पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि वर एक धडधाकट खेळाडू, इतकी तुझी किंमत. कुणी यापेक्षा कमी सांगितलं असतं तर त्याला मी फोनवरून हाकलला असता."

राइविस त्याच्याकडे वळला. "मग का म्हणालात?"

बाझिलने स्टिअरिंगवरचे हात काढले, पुन्हा ठेवले. "ती तुझ्याशी हसते. माझ्याशी इतकी कधी हसली नाही. मला नाही सोसलं ते."

पोराचा चेहरा लाल झाला. रागाने की लाजेने, बाझिलला समजलं नाही. "आणि रडण्याचं सगळ्यांना सांगितलंत," तो म्हणाला. "माझ्या आईला कळलं. कुणीतरी तिला कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यानंतर रोज फोन करून विचारते, परत येतोस का."

"चुकलं माझं," एवढंच बाझिल म्हणाला, आणि ते त्यालाच फार अपुरं वाटलं.

"तेव्हा सांगायला हवं होतं," राइविस म्हणाला आणि खिडकीकडे वळला. सेंट ब्लेझला पोचल्यावर त्याने सामान स्वतः उतरवलं. हात पुढे केला नाही. डबा तेवढा छातीशी धरून आत गेला.

पुढच्या गुरुवारी मर्वने पहिला फोन घ्यायच्या आत बाझिलने माइक जवळ ओढला. "राइविसचा सौदा वाजवी नव्हता. मला ते त्याच वेळी ठाऊक होतं. पोराच्या खेळात आणि मनात काही खोट नव्हती, खोट माझ्यात होती. इथे बसायचा अधिकार आता मला उरला नाही." कारण त्याने सांगितलं नाही, पण गावाने दोन दिवसांत ते जुळवून घेतलं. हार्डवेअरच्या दुकानात लोक त्याच्याशी हवापाण्यापुरतं बोलत. क्लिफ रायमरने तर ओळखच सोडली. वांडा एकटी भेटायला आली, म्हणाली, "माझ्या डोक्यातून आला हो तो सौदा, मला झोप नाही." बाझिलने तिला आत बोलावून कॉफी दिली आणि सांगितलं, "सौदा मांडणाऱ्याचा दोष नसतो. तोलणाऱ्याचा असतो."

सेंट ब्लेझकडून राइविसने वसंतापर्यंत धडाकाच लावला. रविवारी तो ओडेटला फोन करायचा, बाझिलची चौकशी करत नसे.

जूनमध्ये त्याच्या आईने ओडेटला लाटव्हियात, रिगाला बोलावलं. फक्त ओडेटला. ती म्हातारपणी पहिल्यांदाच विमानात बसली. बाझिलने तिला विमानतळावर सोडलं, आणि घरी येऊन तीन दिवस अंडी खाल्ली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. समुद्र कसा आहे, राइविसची आई किती ठेंगणी आहे, बाजारात भोपळ्याएवढ्या पावरोट्या कशा मिळतात, आणि राइविसने तिला हात धरून सगळं शहर कसं दाखवलं, ती सांगतच राहिली. मध्येमध्ये मागून त्याचा आवाज यायचा आणि ती हसायची.

बाझिलच्या मनात पुन्हा तेच पेटलं. विझलं आहे असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही नव्हतं. तो खुर्ची ओढून बसला, फोन दुसऱ्या कानाला लावला आणि म्हणाला, "बरं, मग? पुढे कुठे गेलात?"