सात नंबरच्या बाटलीतला दर्या

मी सात नंबरची बाटली बोलतेय. माझ्यातला दर्या एका शहाण्याने पैजेवर पिऊन टाकला, म्हणून मी आज शेवंतीच्या फळीवर ताक सांभाळत बसलेय. नाहीतर मी प्रयोगशाळेतली हो!

२००८ साली वर्षाली मॅडम आम्हा बारा बाटल्यांना घेऊन गोव्याहून तोंडवलीला आल्या. दर्याच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते गाळायचे, त्यांचा डीएनए वाचायचा, की कोण कोण राहतं ते कळतं. थोडक्यात, दर्याची खानेसुमारी. होडी शेवंतीच्या नवऱ्याची, बाबलीची. खोल दर्यातलं पाणी माझ्यात भरलं आणि मला बर्फाच्या पेटीत बसवलं. काय तो थाट!

किनाऱ्यावर मॅडम फोनची रेंज शोधायला गेल्या. बाबलीच्या जोडीदाराला, धोंडूला, तेवढंच हवं होतं.

"एका थेंबात लाखभर जीव आसत म्हणतत. पितंस काय रे? लाव पैज!"

"दर्यातच वाढलंय मी," म्हणत बाबलीने मला घटाघट रिकामं केलं. तोंड मात्र सुक्या बांगड्यासारखं झालं.

मग त्याला मॅडम आठवल्या. घाईघाईत ताकाच्या तांब्याने काठावरचं पाणी घेऊन त्याने मला भरलं. तांब्या विसळला नाही. जन्मात कधी विसळलाय? मी बोंबलणार होते, पण बूच घट्ट.

तीन महिन्यांनी मॅडम मला आणि पेढे घेऊन आल्या. खोल दर्यात ताकातल्यासारखे जंतू सापडले होते, तेही फक्त माझ्यात! त्यांच्या साहेबांना संशय होता. मॅडमनी त्यांना सांगितलं होतं, बाबलीकाका फसवायचे नाहीत.

"काका, पाणी तिथलंच ना? परवा मोठ्या सभेत मांडायचंय. खोटं निघालं तर लोक हसतील आणि माझं काम बंद होईल."

बाबलीने मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळेना. धोंडू जाळ्यातली गाठ सोडवत बसला, जी नव्हतीच.

इतक्यात शेवंतीने मॅडमसाठी ताक आणलं. तोच तांब्या. मॅडमनी तो तोंडाला लावला, आणि बाबलीने हातातला पेढा खाली ठेवला.

"मॅडमानू, तुमचो जंतू दर्यातलो नाय. ह्या तांब्यातलो आसा. दर्यो मी प्यालंय."