नत्थूंचे साहेब

वडील गेले, तरी त्यांचा फोन वाजायचा थांबला नाही. मेडिकल कॉलेजात सारी हयात कॅन्सरचे रोगी पाहणाऱ्या डॉक्टर मधुकररावांनी आपला नंबर ज्याला त्याला देऊन ठेवला होता. मेघा फोन उचलायची, ‘ते आता नाहीत’ म्हणायची. पलीकडे कुणी रडू लागलं की तिला वाटे, बाबा आत्ताच गेले.

तळेगावच्या रुख्माबाईंना मात्र ते ठाऊक होतं.

“ताई, नवे डॉक्टर म्हनतात, केमो बंद करा, अंगाले झेपत नाई. आमचे हे आयकतच नाईत. म्हनतात, साहेब सांगतीन तवाच थांबीन. साहेब गेले हे मी त्याइले सांगतलंच नाई. तुमीच येऊन सांगा नं, साहेबानं बंद कराले सांगतलं म्हनून.”

मेघा डॉक्टर नव्हती. नव्या डॉक्टरांना सगळं नीट विचारून घेऊन ती निघाली.

रुख्माबाईंचे यजमान नत्थू ओसरीत खाटेवर होते. उशाशी दवाखान्याची पिशवी भरून तयार.

“साहेबाची पोरगी! नाक तेच. साहेब काऊन नाई आले? त्या नव्या डॉक्टरले धड मिशी नाई फुटली, अन् मले थांबा म्हनते!”

खोटा निरोप तिच्या ओठांवर होता. पण बाबा आधी नातेवाइकांना बाहेर पाठवत, रोग्याच्या शेजारी बसत आणि काय ते त्यालाच सांगत. खाटेच्या पलीकडे कुणीतरी आधीच येऊन बसलंय आणि आपण काय बोलतो ते ऐकतंय, असं तिला वाटलं.

“काकू, जरा बाहेर बसता?” ती म्हणाली आणि खाटेवर टेकली. “बाबा गेले, काका. दिवाळीआधी. त्यांनाही हाच रोग होता.”

नत्थू कोपरावर रेलून अर्धवट उठले.

“त्याइले कोनं सांगतलं?”

“कोणीच नाही. रिपोर्ट त्यांनीच वाचला. ते बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही.”

“साऱ्याइजवळ बसले ते. अन् त्याइच्याजवळ कोनी नाई बसलं?”

मेघानं नजर बाहेर वळवली. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या.

“मंग माह्यं तू सांग, पोरी. खरं सांगजो.”

“केमोनं आता गुण येणार नाही, काका. त्रासच होईल. थांबवा. दुखू नये म्हणून औषध देतील, ते घ्या.”

नत्थूंनी तिचा हात धरला. त्यांचा हात गार होता.

“ताई, येऊ का आत?” बाहेरून रुख्माबाईंनी विचारलं.

“थांब,” नत्थू म्हणाले. “आमचं बोलनं होऊन राह्यलं.”