बारीक झालेली बाहुली

बाबांच्या सभागृहाबाहेरची रांग कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंत गेली होती. आत बाबा एकेका माणसाला खुर्चीत बसवत, हनुवटी धरून त्याचं तोंड वर करत आणि गर्दीला सांगत, "पाहा, डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली. दारूचं भूत इथूनच आत शिरतं. आता दार बंद." लोक वाकून वाकून बघत. भूत दाराची मापं घेत फिरतं का, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

सलूनवाल्याची बायको रोज पहिल्या रांगेत असे. दारूपायी नवऱ्याचं निम्मं गिऱ्हाईक तुटलं होतं. थरथरत्या हातापुढे मान कोण देणार? बाबा रोज देत त्या काळ्या गोळीने हात स्थिर झाला, घरातली भांडणं मिटली. तो जेवला की घोरायचा. मध्येच घोरणं थांबायचं, मग धाप लागल्यासारखं पुन्हा सुरू व्हायचं. तिला वाटे, बिचाऱ्याची किती वर्षांची झोप भरून निघतेय. गोळी चुकली की मात्र नाक गळायचं, पोटात पीळ पडायचा. बाबा म्हणाले, भूत दार ठोठावतंय, दोन दे. मग म्हणाले, तीन. ती स्वतःच्या हाताने चहात विरघळवून द्यायची.

एका सकाळी म्हातारे डॉक्टर दाढीला आले होते. ती मागच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती. वीज गेली, दुकान अंधारलं, आणि वस्तरा डॉक्टरांच्या गळ्यावर थांबला. नवरा उभ्या उभ्या पेंगत होता. डॉक्टरांनी अलगद त्याचं मनगट बाजूला केलं, वस्तरा काढून घेतला आणि त्याच्या पापण्या उचलून पाहिल्या.

"वहिनी, अंधारात तुमची-माझी बाहुली मोठी होते. याची टाचणीच्या टोकाएवढी आहे. याला अफू कोण देतंय?"

"मीच," ती म्हणाली. "बाबांची गोळी."

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. गोळीने दारू सुटली नव्हती, तिच्या जागी अफू बसली होती. आगीतून फुफाट्यात. घोरताना थांबत होता तो त्याचा श्वास होता; वर दारूचा घोट पडला असता तर कदाचित पुन्हा सुरूच झाला नसता.

नवऱ्याला इस्पितळात पोचवून ती तडक सभागृहात गेली आणि तिने खिडक्यांचे पडदे ओढले.

"एकमेकांच्या डोळ्यांत बघा," ती म्हणाली. बायकांनी नवऱ्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्या अंधुक उजेडात बायकांच्या बाहुल्या मोठ्या होत्या, गोळी खाणाऱ्यांच्या ठिपक्याएवढ्या. "आता बाबांच्या बघा."

बाबांनी डोळे मिटले. पण पुढची एक म्हातारी तोवर बघून बसली होती. "अगं बाई, यांचं दार तर सताड उघडं आहे."

"गोळीत अफू आहे, म्हणूनच ते स्वतः खात नाहीत," ती म्हणाली, तोवर बाबा मागच्या वाटेने पसार झाले. गर्दी पांगली. एक तरुण मात्र टेबलावरच्या गोळ्या खिशात कोंबत होता. त्याने सगळं ऐकलं होतं, आणि तरी हात थांबत नव्हते. तिला त्या हातांची बाबांपेक्षा जास्त भीती वाटली. तिने त्याचा दंड धरला आणि त्याला इस्पितळात नेलं.

व्यसन हा आजार आहे, भूतबाधा नव्हे. त्यावर उपचार आहेत. ते वेळ घेतात, त्रास देतात आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असतात. गोळीत काय आहे हे जो सांगत नाही, त्याची गोळी आपल्या माणसाच्या तोंडात घालू नका.

इस्पितळात गोळीविना नवऱ्याचा हात पुन्हा थरथरतो आहे. ती तो घट्ट धरून बसली आहे.