गंमत केली रं

तालमीच्या पोरांनी रविवारचा दुपारचा अख्खा शो घेतला होता. पोरं म्हणायचं आपलं. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेले बाप्ये सगळे, कुणाला जावई आलेला, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. पण पिक्चरच अशा चार बाप्यांचा होता. बायकांना चकवून गोव्याला पळणारे, एकमेकांच्या चड्ड्या ओढणारे. तीन आठवडे कोल्हापुरात दुसरं बोलणं नव्हतं. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर त्यातलेच तुकडे. "बघितला न्हाईस? मग जगतोस कशाला?" इथपर्यंत मजल गेली होती.

लालासाबला जायचं नव्हतं. मोटारसायकलींची सीटकव्हरं शिवायचं त्याचं दुकान, आणि रविवारीच गिऱ्हाईक. पण तालमीचा अध्यक्ष विजयसिंह दुकानात ठाण मांडून बसला.

"लाला, कृष्णात बी येणार हाय. तुझ्या शेजारची खुर्ची ठेवलीया त्याला."

मशीन थांबली. "मग मी न्हाय येत."

"अरं, दीड वरीस झालं! जन्माचं दोस्त तुम्ही. पिक्चरात बी चौघं भांडत्यात आन् शेवटाला गळ्यात पडत्यात. पोट धरून हसलास की सगळं धुऊन जातंय बघ."

भांडणाचं कारण साऱ्या पेठेला ठाऊक होतं. लालासाबच्या वाढदिवसाला कृष्णातनं चौकात भला मोठा बोर्ड लावला होता. लालासाबचा फोटो, फोटोला हार, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. पेठ हसून लोळली. दुपारपर्यंत लालासाबही हसला. मग त्या बोर्डाचा फोटो फिरत फिरत मुरगूडला पोचला. तिथं लालासाबच्या बहिणीकडे, जरीनाकडे, त्याची अम्मा राहायची. तिला अक्षर कळत नव्हतं, हार कळला. एसटीतनं ऊर बडवत ती आली, तर लेक दुकानात चहा पीत बसलेला. तिनं आधी त्याला एक ठेवून दिली, मग गळ्यात पडून रडली.

पुढच्या थंडीत ती गेली. वयानं गेली, बोर्डानं नव्हे, हे लालासाबलाही कळत होतं. पण कृष्णात माफी मागायला आला तेव्हा म्हणाला, "गंमत केली रं, एवढं काय त्यात?" दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच. 'गंमत' म्हटल्याशिवाय त्याला माफी मागताच येईना. मग लालासाबनं बोलणं टाकलं.

तरी रविवारी तो गेला. दोस्त त्याला हवाच होता. फक्त एकदा तरी तो शब्द बाजूला ठेवून आलेला हवा होता.

थेटरात शिट्ट्यांनी कान फाटत होते. कृष्णात शेजारी येऊन बसला, कोपराला कोपर लागणार नाही अशा बेतानं.

"बरा हाईस?"

"हाय."

पिक्चर सुरू झाला. कुणी शेणात पडलं, कुणाची विजार फाटली. थेटर गडगडत राहिलं. लालासाबच्या मनात आलं, एवढे वाढलेले हे गडी, ह्यांची घरी वाट बघणारं कुणीच नसेल काय?

मग ते आलं. चौघांतल्या एकाला सासऱ्याच्या तावडीतून सोडवायला दोस्त त्याला मेला म्हणून जाहीर करतात. भिंतीवर फोटो, फोटोला हार. म्हातारी आई धाडकन पडते, कुणीतरी पाणी समजून तिच्या तोंडावर ताक ओततं, आणि खाटेखाली लपलेला मेलेला लेक शिंकतो.

लालासाब हसला. खांदे गदगदा हलवून हसला. हसू घशात असतानाच आपण कशाला हसतोय ते त्याला कळलं, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

त्यानं शेजारी बघितलं. कृष्णात हसत नव्हता. मान खाली, दोन्ही हात गुडघ्यांत दाबलेले. पुढच्या रांगेतला विजयसिंह हसत हसत मागं वळला आणि दोघांना बघून त्याचा चेहरा पडला.

"आयला, हे ध्यानातच न्हवतं की माझ्या."

कृष्णात उठला आणि लोकांच्या पायांत अडखळत बाहेर गेला.

लालासाब थोडा वेळ बसून राहिला. हसू विचारून आलं नव्हतं. अम्मा वाटेत उभी होती, तिला ओलांडून आलं होतं. बोर्ड लावताना कृष्णातलाही ते असंच आलं असणार. राग गेला असं नाही. पण तो आता एकट्या कृष्णातवर काढता येईना.

बाहेर कृष्णात कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसला होता.

"मी हसलो रं," लालासाब म्हणाला.

"बघितलं मी."

आता हा काहीतरी विनोद टाकणार, लावणार आपल्याला हसायला, असं लालासाबला वाटलं. गप्प बसणं कृष्णातला लहानपणापासून सोसत नव्हतं. पण त्यानं गंमत केली नाही. खाली बघत म्हणाला, "अम्मा त्या दिवसानंतर कशी हुती रं? मी कधी इचारलंच न्हाय."

 हे कुणीच विचारलं नव्हतं.

"रोज फाटं उठल्या उठल्या फोन करायची. 'हाईस न्हवं रं?' एवढंच. व्हय म्हटलं की ठेवायची. शेवटपातूर."

कृष्णातनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तसाच म्हणाला, "तिला फोन कुठं लावता यायचा?"

"जरीनानं शिकीवलंतं. ती नंबर काढून द्यायची, अम्मानं हिरवं बटण दाबायचं."

आत थेटर पुन्हा गडगडलं. विजयसिंह दारातनं ओरडला, "अरं चला की! शेवट जवळ आला. लय भारी हाय!"

"तू बघ जा," लालासाब म्हणाला. "सरक जरा," असं कृष्णातला म्हणून तो त्याच सीटवर टेकला आणि पुढचं सांगू लागला. एकदा जरीना उशिरा उठली होती, त्या दिवशी अम्मानं काय केलं, ते.