मूर्तीकडे पाठ करू नका

सहल कंपनीच्या ऑफिसात त्याला खऱ्या नावाने कुणीच हाक मारत नसे. तो सगळ्यांचा 'हसरे'. बसभर विनोद करायचा, रुसलेल्या सासूसुनेला शेजारी शेजारी बसवायचा आणि प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना ओळीत उभं करून, "हसा मंडळी, हसण्यावर अजून कर बसलेला नाही!" म्हणत फोटो काढायचा. ते फोटो ऑफिसच्या भिंतीवर लागत. तक्रार यायची ती एकाच ठिकाणाची.

"डोंगरावरचा तो जुना बौद्ध विहार सुरेख आहे हो," परतलेले प्रवासी म्हणत, "पण त्याला लागून ती स्मारकाची खोली कशाला? सगळा मूड जातो."

त्या खोलीत विहारातल्या भिक्खूंचे फोटो होते. राज्य माथेफिरूंच्या हाती गेलं होतं, तेव्हा सैनिकांनी त्यांना विहाराच्याच अंगणात उभं करून गोळ्या घातल्या होत्या. मालकाने हसरेला सांगून ठेवलं होतं, "पत्रकात छापलंय म्हणून दाखवायचं. पटकन उरकून घे." आणि उरकण्यात हसरेचा हात कोण धरणार!

हसरेचा मामा त्याच विहारात भिक्खू होता. त्या दिवसांत तो नाहीसा झाला तो झालाच. देह मिळाला नाही, निरोप आला नाही. त्यामुळे हसरे सहलीला निघाला की आई विचारायची, "तिथल्या फोटोंत मामा आहे का बघ ना रे. कपाळावर खोक आहे त्याच्या. लहानपणी झोपाळ्यावरून पडला होता."

"बघतो," हसरे म्हणायचा आणि विसरायचा. शेवटी एकदा, रोजची कटकट मिटावी म्हणून त्याने ठोकून दिलं, "सगळे फोटो पाहिले. मामा नाही त्यांत."

त्या दिवशी आई पोटभर जेवली. नाही, म्हणजे सुटला असेल! कुठेतरी असेल!

यंदा बसमध्ये एक जागा रिकामी राहिली. "तो राहायचा ती जागा तरी बघेन," म्हणत आई निघाली.

विहाराच्या दारात हसरेने नेहमीच्या सूचना दिल्या. "चपला बाहेर. मोठ्याने बोलायचं नाही. आणि मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही बरं का, अपमान होतो." एक जाडगेले काका चुकून वळले, तर त्याने खांद्याला धरून त्यांना अदबीने सरळ केलं. आई कौतुकाने बघत होती.

मग सगळे शेजारच्या खोलीत आले. "चला चला, लांबचे जवळ या, जवळचे आणखी जवळ!" ओळ लागली. पाठी भिंतीवरच्या फोटोंकडे, तोंडं कॅमेऱ्याकडे. "हसा मंडळी!"

एकच पाठ कॅमेऱ्याकडे होती.

"आई, इकडे बघ की!"

आई वळली नाही. दोघांच्या मधून हात घालून तिने एका फोटोच्या काचेवर बोट ठेवलं. मुंडण केलेल्या डोक्याखाली, कपाळावरची खोक लख्ख दिसत होती.

"हा बघ तुझा मामा," ती म्हणाली. "नाही म्हणाला होतास ना?"

हसरेच्या हातातला कॅमेरा खाली आला. "आई, अगं... गडबडीत लक्ष गेलं नसेल."

"दार वाजलं की मी उठत होते रे! आणि तू दर खेपेला इथे येऊन, त्याच्याकडे पाठ करून हसत होतास."

"सवय झाली होती गं."

"मूर्तीकडे पाठ केली की अपमान होतो म्हणालास. बरोबर आहे. मग जो जन्मभर त्या मूर्तीपुढे बसला, त्याच्याकडे पाठ केलेली चालते?"

जाडगेले काका पुटपुटले, "ताई, आम्हाला काय ठाऊक..."

"ठाऊक करून घ्यायलाच इथे यायचं असतं, दादा," आई म्हणाली. "गोळ्या घालणारे मूठभर होते. पाठ करून उभे राहिलेले पुष्कळ होते. म्हणून तर जमलं त्यांना!"

एकेक करून सगळे भिंतीकडे वळले. फोटो निघाला नाही.

ऑफिसात परतल्यावर हसरेची नजर भिंतीवर गेली. त्या खोलीतले कितीतरी फोटो तिथे लागले होते. कुठे मामा कुणाच्या टोपीआड, कुठे अर्धा. आणि एका फोटोत, बत्तीशी दाखवणाऱ्या हसरेच्याच खांद्यावरून तो सरळ बघत होता. अरेरे! इतकी वर्षं माणूस डोळ्यांसमोर टांगलेला होता! हसरेला स्वतःची किळस आली. तो फोटो उतरवायला लागला.

"वेड लागलं का? जाहिरात आहे ती आपली!" मालक ओरडला.

"लाज आहे ती, मालक," हसरे म्हणाला.

पुढच्या सहलीपासून त्या खोलीत तो सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं करायचा. "एकेक चेहरा नीट बघा," एवढंच म्हणायचा. तक्रारी वाढल्या. मालकाने पत्रकातून ती खोलीच काढून टाकली. आता तिथे वेळ वाचतो, तो खरेदीला देतात. हसरे सुटीच्या दिवशी स्वतःहून जातो. आई बरोबर येत नाही, आणि दार वाजलं तरी आता जागची हलत नाही.

मंडळी, आपण देवळांत, विहारांत वाकायला शिकलो, ते चांगलंच झालं. पण अशा एखाद्या खोलीत गेलात, तर कॅमेरा खिशात ठेवा आणि आधी भिंतीकडे तोंड करा. आज मेलेल्यांकडे पाठ करायची सवय लागली, तर उद्या जिवंत माणूस मारला जाताना आपण तसेच उभे राहू. तिथल्या प्रत्येक चेहऱ्याची घरी कुणीतरी वाट पाहिलेली असते.