पुढचा रस्ता

डॉक्टरांनी कागदावर प्रोस्टेट काढलं आणि त्यातून मूत्रमार्गाची नळी ओढली.

"एका लेझरने वाढलेल्या भागाची वाफ करतो. रक्त कमी जातं, लवकर घरी जाता. पण तुमची गाठ मोठी आहे, पुन्हा वाढू शकते, आणि तपासायला तुकडा उरत नाही. दुसऱ्या लेझरने आतला गाभा सोलून काढतो. तो तपासता येतो, पुन्हा करायची वेळ सहसा येत नाही. मात्र सुरुवातीला लघवी गळते. बहुतेकांची काही आठवड्यांत थांबते, काहींना महिने लागतात."

"महिने नाही चालणार, साहेब. लांब पल्ल्याची बस आहे माझ्याकडे. ती गेली की परत मिळत नाही."

"मग विचार करून सांगा."

आम्हा ड्रायव्हरांची रीत सरळ आहे. समोरून येणाऱ्याला विचारायचं, पुढे रस्ता कसा आहे. तो खोटं बोलत नाही, कारण खोटं बोलला तर माणसं मरतात. सोलायचं ऑपरेशन आमच्या मामाचं झालं होतं. मामा म्हणजे माझा जोडीदार. उभी नोकरी आम्ही एकच गाडी आलटून पालटून चालवली. एक चालवायचा, दुसरा मागे घोरायचा. ऑपरेशननंतर गुडघा दुखतो म्हणून त्याने शहरातली गाडी मागून घेतली होती.

"मामा, खरं सांग. गळतं का?"

"थेंब नाही. बिनधास्त कर."

केलं. धार झकास सुटली, रात्रीची झोप लागली. पण शिंकलं की गळायचं, क्लच दाबला की गळायचं. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, थांबेल. त्यांचं काही चुकलं नव्हतं, त्यांनी आधीच सांगितलं होतं. लांबची गाडी मात्र दुसऱ्याला गेली.

मग वाटलं, मामाने कुठला व्यायाम केला ते तरी विचारावं. घरी गेलो तर तो अंघोळीला गेला होता. मी मामींना सगळं सांगितलं. त्यांनी आवाज खाली केला.

"तुम्हालाही का, भावजी? यांचं तर अजून चालूच आहे. गुडघा कसला दुखतोय, त्यापायीच लांबची गाडी सोडली. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुमच्यापासून काय लपवतील?"

मामा टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला. आमचे चेहरे बघून तो दारातच थांबला.

"लाज वाटली रे," तो म्हणाला.

"मी तुझी तब्येत नव्हती विचारली, मामा. रस्ता विचारला होता. तू सांगितलं असतंस तर मी वाफेचं केलं असतं. पुढे पुन्हा करावं लागलं असतं तर लागलं असतं."

मामी चहा टाकायला उठल्या, पण मी थांबलो नाही. माझ्या घासातला घास खाल्लेला माणूस, त्याने मला असं तोंडघशी पाडावं, हे आजही गळी उतरत नाही.

आता मीही शहरातलीच गाडी चालवतो. परवा पूल ओलांडून पुढे आलो तर मामाची गाडी समोरून आली. काच खाली करून त्याने हात वर केला, नेहमीसारखा.

"पुढे कसा आहे?"

'मोकळा आहे' असं जिभेवर आलं होतं. पण त्याची बस माणसांनी भरलेली होती.

"पुलाच्या टोकाला तुझ्या बाजूने खचलाय. मधून घे, हळू जा."

तो आणखी काहीतरी ऐकायला थांबला. संध्याकाळी ये, असं मी एरवी म्हणायचो. मी काच वर केली आणि क्लच दाबला. गळायचं तेवढं गळलं.