साडेसहा फेरे

बंद शटर निवांत पडलेलं असतं, असा बहुतेक घरमालकांचा समज आहे. शटर दुरुस्त करणाऱ्या लतीफला तो दर खेपेला खोडून काढावा लागे. शटर वर गुंडाळलेलं असताना स्प्रिंग थोडी सैलावते, खाली ओढलं की आणखी पिळली जाते. माणसं कुलूप लावून कुवेतला निघून जातात आणि ती पुन्हा येईपर्यंत स्प्रिंग पिळलेल्या अवस्थेतच राहते. गडब गावाच्या पश्चिमेला खाडी आहे. तिथला वारा खारा आणि पावसाळ्यात भिंतींना घाम सुटतो. अशा हवेत पिळलेलं पोलाद आतून गंजत जातं आणि एक दिवस बंदुकीच्या बारासारखा आवाज करून तुटतं.

कुवेतला नोकरी करणाऱ्या नावेदच्या इथल्या गॅरेजची स्प्रिंग अशीच ऑगस्टमध्ये तुटली. घर बंद होतं. आवाज ऐकला तो शेजारच्या गोदूबाईने. घराच्या चाव्या तिच्याकडे असत. नावेद सहकुटुंब शुक्रवारी येणार होता आणि त्याची गाडी आत अडकली होती. सोमवारी सकाळी लतीफ रोह्याहून मोटरसायकलला दोन नव्या स्प्रिंगा बांधून आला.

हे दोन माणसांचं काम आहे. दरवाजाच्या वर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एक जाड पाइप असतो. स्प्रिंगा त्याच्यावर बसतात. शटर वर असतानाच एका टोकाला एक जण पाइप पान्याने फिरवून स्प्रिंगांना सुरुवातीचा पीळ देतो, फेरे मोजतो. हवे तेवढे फेरे झाले की दुसऱ्या टोकाला उभा असलेला माणूस पट्टा आवळतो आणि पाइप जागेवर पक्का होतो. बावीस वर्षं हा दुसरा माणूस हर्षद होता. एप्रिलपासून तो धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जात होता.

जुलैत एकट्याने काम करताना लतीफच्या मनगटावर पाना बसला होता. त्यानंतर मुलीने, फिजाने, त्याच्याकडून कबूल करून घेतलं होतं की एकट्याने स्प्रिंग पिळायची नाय. सोमवारी निघताना तिने विचारलं, "हर्षदकाका येतायत ना?" लतीफ म्हणाला, "व्हय, गडबला भेटतोय."

साडेनऊपर्यंत त्याने साखळीच्या कप्पीने शटर वर उचलून बांधलं. नव्या स्प्रिंगा चढवल्या. मोबाइल व्हिडिओ कॉल लावून गाडीच्या बॉनेटवर टेकवून ठेवला, कारण नावेदला काम बघायचं होतं. तो तिकडे कुवेतला कंपनीच्या बसमध्ये होता.

"चाचा, तुमचा पार्टनर दिसत नाय?"

"येतोय," लतीफ म्हणाला. दिवसातलं हे दुसरं खोटं.

दोन पाने वापरून एकट्याने पीळ देता येतो. एका पान्याने पाव फेरा फिरवायचा, दुसरा पाना भिंतीतल्या लोखंडी कोनावर टेकवून पाइप धरून ठेवायचा, मग पहिला काढून पुन्हा लावायचा. पहिल्या पान्याच्या दांड्यावर लतीफने तीन फुटांची नळी चढवली होती, जोर कमी लागावा म्हणून. आठ फेरे हवे होते. साडेसहा झाले तेव्हा दहा बावन्न झाले होते.

त्याच वेळी भिंतीतला कोन निघाला. वरून रंग दिलेला होता, पण आतला बोल्ट गंजून काडीएवढा उरला होता. तो प्लास्टरच्या ढेकळासकट सुटला. टेकवलेला पाना खाली फरशीवर पडला आणि साडेसहा फेऱ्यांचा सगळा जोर लतीफच्या हातातल्या नळीवर आला. नळी खाली येऊ लागली. त्याने उजवा खांदा तिच्याखाली घातला आणि शिडीवर गुडघे ताठ केले.

नळी थांबली.

आता त्याला काहीच करता येत नव्हतं. खांदा काढला असता तर नळी गरकन फिरून आधी त्याच्या मानेवर, मग शिडीवर बसली असती. पट्टा आवळायचा तो नऊ फुटांवर, दुसऱ्या टोकाला. शिडी एकच होती आणि तो तिच्यावर उभा होता.

"चाचा, काय पडलं?"

"कोन निघाला. नावेद, ऐक. गोदूबायला बोलव."

"पार्टनर कुठं हाय?"

"पार्टनर नाय रे! गोदूबायला फोन लाव!"

स्क्रीन काळी झाली. काही सेकंदांत गॅरेजमध्येच फोन वाजू लागला. गोदूबाईच्या एकटीच्याच घरची वीज गेली होती आणि तिने आपला मोबाइल गॅरेजमधल्या प्लगला चार्जिंगला लावला होता. लतीफला तो दिसत होता. प्रकाशत होता, थरथरत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता.

"गोदूबाय!" तो ओरडला. ओरडताना छाती हलली आणि नळी बोटभर खाली सरकली. त्यानंतर तो ओरडला नाही.

गोदूबाई घरामागे पसरलेली सुकट निवडत होती. तिला फोन ऐकू आला, पण लतीफची हाक पोचली नव्हती, म्हणून ती लगेच उठली नाही. सातव्यांदा वाजला तेव्हा हात लुगड्याला पुसत आली. लतीफकडे न बघताच तिने फोन उचलला.

"बोल रे नावेद. जेवलास का?"

पलीकडून आरडाओरडा झाला. तिने फोन कानापासून लांब धरला.

"हळू बोल. काय झालाय?"

"गोदूबाय," लतीफ वरून म्हणाला. आवाज घोगरा होता. "वर बघ."

तिने वर बघितलं. लतीफचा चेहरा काळानिळा झाला होता. घामाचे थेंब शिडीच्या पायरीवर पडत होते. तिने फोन तसाच चालू गाडीच्या टपावर ठेवला.

"सोड ना ते."

"सोडला तर मी मेलो."

"मग धर," ती म्हणाली. "किती वेळ धरशील?"

"माहीत नाय. पाय कापतायत. कुणी पुरुषमाणूस हाय का जवळ?"

"सगले कामाला गेलेत. आता मीच हाय."

ती शिडीभोवती फिरून आली. नळी बघितली, जमीन बघितली, मधलं अंतर बघितलं. गोदूबाईचं अर्धं आयुष्य मिठागरात आणि उरलेलं खारभूमीच्या बांधावर गेलं होतं. बांधात उघाडी असते. पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीचं पाणी शेतात येऊ द्यायचं नाही, यासाठीचं ते दार. भरतीच्या वेळी पाणी दार रेटू लागलं की त्याला टेकू द्यावा लागतो, आणि तो द्यायला वेळ थोडा असतो.

ती बाहेर गेली. लतीफला ती दिसेना. लाकडाचा कडकड आवाज आला, मग पाल्याचा. अंगणातल्या दोडक्याच्या मांडवाचा मधला खांब ती उपटत होती. मांडव वेलासकट खाली बसला. ती खांब ओढत आत आली. वरच्या टोकाला दुबेळकं होतं, गलोलीसारखं बेचकं.

"लांब हाय तो," लतीफ म्हणाला. "बसायचा नाय. आखूड बघ."

"लांबच पायजे."

"अगो, हातभर जास्त हाय!"

"तू तुजा खांदा सांभाल. टेकू मी बघतंय."

तिने खांब तिरका केला. दुबेळकं नळीच्या टोकाला, लतीफच्या खांद्यापलीकडे, लागत नव्हतं. दोनदा घसरलं. दुसऱ्यांदा ते नळीला आपटलं आणि लतीफच्या तोंडून नुसती हवा बाहेर पडली. त्याचा डावा गुडघा वाकला, पुन्हा ताठ झाला.

"गोदूबाय, फिजाला सांग..."

"तूच सांग. गप ऱ्हा."

तिसऱ्यांदा दुबेळक्यात नळी बसली. पण खाली फरशी गुळगुळीत होती आणि खांबाचं बूड पुढे पळू लागलं. गोदूबाईने त्यावर पाय दिला, हाताने कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं आणि बुडाखाली सरकवलं. मग खाली पडलेला पाना उचलला आणि बुडाला ठोकायला सुरुवात केली. एकेका ठोक्याला तिरका खांब थोडा थोडा उभा होत गेला. उभा होताना वरचं टोक वर चढत होतं. आखूड खांब असता तर हे झालं नसतं.

नवव्या ठोक्याला लतीफच्या खांद्यावरचं वजन कमी झालं. बाराव्याला नळी खांद्यापासून बोटभर वर उचलली गेली.

"निघ," गोदूबाई म्हणाली.

तो निघाला नाही. त्याला विश्वास वाटेना. खांब किरकिरत होता.

"निघ म्हनतंय ना! भरतीला टिकतो तो. तुज्या स्प्रिंगीला नाय टिकणार?"

लतीफने खांदा काढला. शिडीवरून उतरताना शेवटच्या दोन पायऱ्या चुकल्या आणि तो फरशीवर बसला. अकरा वाजून नऊ मिनिटं झाली होती. सतरा मिनिटं.

बसून चालणार नव्हतं. त्याने शिडी दुसऱ्या टोकाला नेली, चढला आणि पट्ट्याचे दोन्ही नट आवळले. डाव्या हाताने, कारण उजव्या हाताची मूठ उघडत नव्हती. गोदूबाई तेवढा वेळ खांबाच्या बुडावर पाय देऊन उभी राहिली. नट बसल्यावर पाइप हलेना. जोर आता पट्ट्यावर होता.

तो खाली आला. गोदूबाईने त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि एकेक बोट सरळ केलं. अंगठा आणि तीन बोटं उघडली. करंगळी पुन्हा पुन्हा मिटत राहिली.

गाडीच्या टपावरून आवाज येत होता. "हॅलो! कुणी बोला रे! चाचा? मावशी?" नावेद रडत होता की बसचा आवाज होता, ते कळत नव्हतं.

"जिवंत हाय," गोदूबाई फोनकडे न बघता म्हणाली.

"या अल्ला. चाचा, राहू दे ते काम. गाडी नको मला."

"साडेसहा फेरे झालेत," लतीफ म्हणाला. "आठ पायजेत. बाकीचे दीड दुसऱ्या माणसाबरोबर. तोवर कुणी शटरला हात लावायचा नाय. आणि नावेद, या भिंतीतला एकही बोल्ट खरा नाय. सगळे बदलायचे."

"बदला, चाचा."

गोदूबाई दाराशी जाऊन बसलेल्या मांडवाकडे बघत होती. फुलं आलेली होती.

"खांब नेतंय मी आता."

"नको. राहू दे तिथंच."

"मग माजा दोडक्याचा येल?"

"मी उभा करतो."

"एका हातानं?" ती म्हणाली.

त्याने फिजाचा नंबर शोधायचा प्रयत्न केला. उजव्या अंगठ्याला स्क्रीनवर नेम धरता येईना. गोदूबाईने फोन घेतला, नाव विचारलं, लावला आणि त्याच्या कानाशी धरला.

"अब्बू? झालं काम?"

"नाय. फिजा, हर्षद आला नव्हता."

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला.

"हात हाय ना?"

लतीफने हात समोर धरला. करंगळी मिटलेलीच होती.

"हाय," तो म्हणाला. मग म्हणाला, "तू येशील का मला न्यायला? मोटरसायकल चालवता यायची नाय."